एक आडनाव, अनेक माणसे
(बौद्ध कुटुंबांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

आजचा विषय वरवर पाहता फार लहान वाटेल. तो आहे आडनावाचा. धम्म, संघ, समता, हक्क असे मोठे विषय बाजूला ठेवून आपण आडनावाचा काथ्याकूट कशाला करावा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, किंवा दुसऱ्यांनी लिहिण्याचे टाळले, त्या समाजाने स्वतःच्या इतिहासात शिरायचे कोणत्या दाराने, हा प्रश्न लहान नाही. ग्रंथालयाच्या सूचीत, पुरालेखागाराच्या दप्तरात, कायदेमंडळाच्या वृत्तांतात आणि शाळेच्या रजिस्टरात शिरण्याचे पहिले दार बहुधा आडनाव हेच असते. ते दार कसे उघडावे, ते आपणांस कोठवर नेते आणि कोठे चकविते, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम ‘गायकवाड’ हे एक उदाहरण घेऊ. या सभेतही या आडनावाची दोन-चार कुटुंबे सहज निघतील. समजा, त्यांपैकी एखाद्या घरातील महाविद्यालयात जाणारी मुलगी मोठ्या ग्रंथालयात गेली आणि कुतूहलाने तिने सूचीत आपले आडनाव शोधले. तिच्या हाती काय येईल?

सर्वांत आधी येईल बडोद्याचे राजघराणे. मल्हारराव गायकवाडांवर १८७५ साली चाललेल्या चौकशीचे कागद येतील. त्याच वर्षी दत्तक म्हणून गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांची चरित्रे, भाषणे व राज्यकारभाराचे अहवाल येतील. त्यांच्या मागोमाग एक लांबलचक ग्रंथमाला येईल, तिचे नाव ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’. १९१६ पासून बडोद्यास निघालेल्या या मालेत जुन्या हस्तलिखितांवरून संपादित केलेले संस्कृत ग्रंथ आहेत. ही मुलगी बौद्ध कुटुंबातील असेल तर येथे ती थबकल्याशिवाय राहणार नाही. आचार्य शांतरक्षितांचा ‘तत्त्वसंग्रह’ हा बौद्ध तत्त्वज्ञानाचा थोर ग्रंथ, कमलशीलांच्या टीकेसह, याच मालेत १९२६ साली प्रसिद्ध झाला. शोधू गेली आडनाव आणि सापडला धम्माचा ग्रंथ! बडोद्याचे कागद ती आणखी चाळील तर धर्मानंद कोसंबी यांना सयाजीरावांनी दिलेल्या साहाय्याची हकीकत तिला मिळेल. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या कोसंबींच्या लहानशा परंतु महत्त्वाच्या पुस्तकाच्या मुळाशी बडोद्यात दिलेली व्याख्याने आहेत, हेही तिला कळेल.

त्याच सूचीत थोडे पुढे गेले की दुसरे गायकवाड येतात, भाऊराव कृष्णाजी गायकवाड. ते आपणा सर्वांचे कर्मवीर दादासाहेब. त्यांचा जन्म १९०२ सालचा. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या १९३० सालच्या सत्याग्रहात ते आघाडीवर होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात वाचावयास मिळतात. भूमिहीनांच्या १९५९ आणि १९६४ सालच्या लढ्यांचे कागद त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. १९५७ ते १९६२ या काळात ते लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ या काळात राज्यसभेत होते, म्हणून दोन्ही सभागृहांच्या वृत्तांतांत त्यांची भाषणे आहेत.

आता एक चमत्कारिक योग पाहा. सयाजीराव महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा आणि दादासाहेबांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील आंब्याचा. आडनाव एक, जिल्हा एक. परंतु एकाच्या नशिबी सिंहासन आले, तर दुसऱ्याला देवळाच्या दाराशी लाठ्या सोसाव्या लागल्या. योग येथेच संपत नाही. १९५७ साली दुसरी लोकसभा निवडून आली. त्या सभागृहात नाशिकहून आलेले दादासाहेब गायकवाड होते आणि बडोद्याहून आलेले फत्तेसिंहराव गायकवाड, म्हणजे सयाजीरावांचे पणतू, हेही होते. एका आडनावाचे दोन सभासद, एका घटनेने दिलेल्या एकेका मताचे धनी! राजाचा वंशज आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा मुलगा यांना एकाच सभागृहात समान दर्जाने बसविणारी ती घटना कोणी घडविली, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

सूची अजून संपलेली नाही. तिसरे गायकवाड येतात, ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड. चोर ठरविल्या गेलेल्या एका भटक्या जमातीत त्यांचा जन्म झाला, आणि त्यांच्या आत्मकथेला १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे राजघराणे, पूर्वास्पृश्य समाज आणि गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेली जमात, हे तिन्ही एका आडनावाच्या छपराखाली नांदत आहेत.

यावरून पहिला धडा घ्यावयाचा तो असा, की आडनाव हे दार आहे, ते नाते नव्हे. ते आपणांस माणसांपर्यंत पोहोचविते, परंतु ती माणसे आपली कोण लागतात हे ते सांगत नाही. हा धडा आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावा, कारण आपल्यापुढे दोन मोह उभे असतात. एक मोह असा, की आडनाव राजघराण्याशी जुळते म्हणून आपणही मूळचे राजवंशी, अशी कथा रचून तीत समाधान मानावे. दुसरा मोह असा, की जाधव, गायकवाड, मोरे, शिंदे, पवार ही आडनावे अनेक जातींत आहेत, तेव्हा त्यांच्या आडोशाला उभे राहून आपण कोण आहोत हे झाकून टाकावे. पहिल्या मोहात खोटा अभिमान आहे आणि दुसऱ्यात खोटी लाज आहे. ज्या माणसाने उघड्या मैदानात, हजारोंच्या साक्षीने, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या त्याला या दोहोंचीही गरज नाही. त्याला गरज आहे ती खरेपणाची. आणि खरेपणा कागदावर तपासून पाहता येतो.

आता दुसरे आडनाव घेऊ, ‘कांबळे’. हे आपल्याकडे इतके आहे की, एका चाळीत हाक मारली तर चार दारे उघडावीत! आडनावाच्या या गर्दीला काहीजण हसतात. मी तुम्हाला सांगतो, या गर्दीत आपल्या चळवळीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास दाटीवाटीने उभा आहे.

सूचीतील वर्षे मागे मागे नेत गेलात तर तुम्हांस पुण्याचे शिवराम जानबा कांबळे भेटतील. १९०३ साली सासवड येथे एकावन्न गावांच्या महारांची सभा त्यांनी भरविली. पोलिसांत, सैन्यात आणि सरकारी नोकरीत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या दुष्ट चालीवर कोरडे ओढले. १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज गेला. १९२९ साली पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात ते पुढे होते. ह. ना. नवलकर यांनी १९३० साली इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आणि त्याला पर्वती सत्याग्रहाचा संक्षिप्त इतिहास जोडला. हे लहानसे पुस्तक त्या काळी निघाले नसते, तर या माणसाचा निम्मा इतिहास आज आपणांस मिळाला नसता.

त्याच आडनावाखाली बापू चंद्रसेन कांबळे येतात. ते वकील होते, ‘जनता’ पत्राचे संपादक होते, १९५७ साली कोपरगावहून आणि १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेले सभासद होते आणि अनेक खंडांच्या ‘समग्र आंबेडकर चरित्रा’चे लेखकही होते. त्यांची भाषणे संसदेच्या वृत्तांतात आहेत, त्यांचे अग्रलेख वृत्तपत्राच्या फायलीत आहेत आणि त्यांचे ग्रंथ ग्रंथालयात आहेत. एका माणसाचे हे तीन ठेवे तीन ठिकाणी आहेत. जो केवळ ग्रंथालयात पाहील त्याला लेखक दिसेल, जो केवळ संसदेचे वृत्तांत पाहील त्याला सभासद दिसेल. संपूर्ण माणूस दिसावयास तिन्ही दारे ठोठवावी लागतील.

आणि आपल्या भगिनी! बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही दोन आत्मकथने पुस्तकरूपाने १९८६ सालीच प्रसिद्ध झाली. एकीचा संसार फलटणचा, तर दुसरी सोलापूर जिल्ह्यातील शिक्षिका. आडनाव एक म्हणून दोघींना एका घरच्या समजू नये, तसे मानण्यास आडनावापलीकडे आधार नाही. परंतु त्याच सूचीतील अरुण कांबळे, ‘रामायणातील संस्कृतिसंघर्ष’चे लेखक व दलित पँथरचे एक नेते, हे मात्र शांताबाईंचे पुत्र होत. येथे आडनाव जुळते आणि नातेही जुळते. हे आपणांस कशावरून कळले? आडनावावरून नव्हे. अरुण कृष्णाजी कांबळे आणि शांताबाई कृष्णाजी कांबळे, या दोन नावांच्या मधला शब्द पाहिला म्हणून धागा लागला, आणि चरित्रात्मक मजकूर वाचला म्हणून तो पक्का झाला.

तेव्हा दुसरा धडा असा. आडनाव कधीही एकटे शोधू नये. त्याच्यासोबत चार गोष्टी न्याव्यात: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि वर्ष. या चारांपैकी दोन जुळल्या तर संशयाला जागा आहे असे समजून पुढे तपासावे. चारही जुळल्या तर माणूस सापडला असे म्हणावे.

लेखनाचा घोटाळाही ध्यानात ठेवावा. मराठीत ‘गायकवाड’ एकच, परंतु इंग्रजी लिपीत त्याची अनेक रूपे होतात. नाशिकच्या दादासाहेबांचे नाव ‘ए’नंतर ‘आय’ घालून लिहिले जाते आणि बडोद्याच्या घराण्याचे ‘ए’नंतर ‘ई’ घालून. साहेबांच्या काळच्या कागदांत त्याच नावाच्या शेवटी ‘ड’ऐवजी ‘र’ येतो. ‘कांबळे’ कोठे ‘कांबले’ होते, तर कोठे ‘कांबाले’. परदेशी ग्रंथालयांत ‘ळ’ दाखविण्यासाठी अक्षराखाली टिंब देतात. संगणकावर शोधताना ‘कांबळे’ लिहावे तर ‘आठवणींचे पक्षी’चे लेखक प्र. ई. सोनकांबळे हेही त्या जाळ्यात येतात. त्यांचे पुस्तक वाचण्यासारखेच आहे, परंतु आडनाव निराळे आहे. म्हणून एका लेखनाने काही मिळाले नाही तर ‘नोंदच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. चार प्रकारे लिहून पाहावे आणि मगच हात टेकावेत.

येथवर आपण छापील नावांची गोष्ट केली. परंतु जसजसे मागे जाल, तसतसे तुमच्या ध्यानात येईल की, हे दार एका ठिकाणी बंद होते. आपल्या पूर्वजांना कागदावर आडनावच नाही!

कोरेगाव भीमा येथील स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. तेवढ्यावरून ते वीर महार होते हे आपण ओळखतो. कांबळे, गायकवाड, जाधव असे काही तेथे लिहिलेले नाही. ‘नाक’ हीच त्यांची खूण. आज त्या स्तंभासमोर उभा राहणारा कोणीही कांबळे किंवा गायकवाड, ‘यांतला माझा कोण?’ असे विचारू शकतो. परंतु केवळ आडनावाच्या आधारे त्याला उत्तर मिळणार नाही.

गावच्या दप्तरात तर याहून विदारक दृश्य दिसते. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, आपल्या माणसाची नोंद ‘अमुक बिन तमुक, जात महार’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ अशी असते. माणसाचे नाव, बापाचे नाव आणि मग जात. आडनावाच्या जागी जात बसलेली आहे. विचार करा, बंधूंनो! ज्या जागेवर दुसऱ्याच्या घराण्याचे नाव लिहिले जाई, त्या जागेवर आपल्या माणसाची केवळ जात लिहिली जाई. जणू त्याला घराणे नव्हतेच, फक्त जात होती. आज आपल्या मुलाच्या दाखल्यावर जे आडनाव आहे ते पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी शाळेत नाव घालताना, गिरणीत भरती होताना किंवा पलटणीत नाव नोंदविताना कागदावर प्रथम उमटले. ते कोणी गावावरून लिहविले, तर कोणी कुळावरून. कोठे मास्तरांनीच लिहिले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण प्रत्यक्ष बाबासाहेबांचे आहे. सुभेदार रामजी मालोजी यांचे आडनाव सकपाळ. कोकणातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, म्हणून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण शिक्षकांनी शाळेच्या दप्तरात हा बदल केला, असे धनंजय कीर यांनी चरित्रात सांगितले आहे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. हाच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो भीमराव रा. आंबेडकर या नावाने. शाळेतला ‘भिवा’ आणि निबंधातला ‘भीमराव’ एकच. परंतु जो अभ्यासक ‘सकपाळ’ एवढ्याच नावाने ग्रंथसूची चाळील, त्याला भारताच्या घटनेचा शिल्पकार सापडणार नाही. आणि जो ‘आंबेडकर’ एवढ्याच नावाने पलटणीचे जुने कागद चाळील, त्याला त्यांचे वडील सापडणे अवघड. बाप आणि लेक यांच्यामध्ये आडनावाची भिंत उभी आहे. ती ओलांडावयास गावाचे नाव आणि बापाचे नाव, हीच शिडी लागते.

आता कोणी म्हणेल, ‘आम्ही धर्मांतर केले. जुने सारे टाकले. मग ज्या कागदावर आमची जात लिहिलेली आहे, तो कागद पुन्हा हाती कशाला धरावा? त्याला आग लावावी!’ या बोलण्यातील संताप मी समजू शकतो. परंतु त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी की, दीक्षा घेऊन आपण गुलामी टाकली, स्मृती टाकली नाही. ज्याला आपण कोठून निघालो हे ठाऊक नाही, त्याला आपण किती चाललो हेही सांगता येणार नाही. वतनाच्या दप्तरातील ‘महार’ हा शब्द आमच्या लाजेचा पुरावा नाही. तो लिहिणाऱ्या व्यवस्थेच्या अन्यायाचा पुरावा आहे. पुरावा जाळून आरोपीचेच भले होते.

दुसरी चूक हक्काची आहे आणि ती अधिक महागात पडते. अनुसूचित जातींचा आदेश निघाला तो १० ऑगस्ट १९५० रोजी. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राने त्या आदेशाखाली आणले ते १९९० साली. मधली चौतीस वर्षे, म्हणजे १९५६ पासूनची एक संपूर्ण पिढी, या भेदाखाली भरडली गेली. आज महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना व त्याची पडताळणी करताना, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदीला मोठे मोल आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टराचा उतारा, कोतवाल बुकातील नोंद, महार वतनाच्या जमिनीचे जुने कागद, यांवरून तुमचा पूर्वज कोणत्या जातीत गणला गेला हे सिद्ध होते. धर्म बदलला तरी शतकांच्या अन्यायाची भरपाई म्हणून दिलेला हक्क या कागदांच्या पायावर उभा आहे.

आणि येथेच आडनाव घात करते. आजोबांच्या नोंदीत आडनाव नाही, वडिलांच्या दाखल्यावर गावावरून पडलेले आडनाव आहे आणि मुलाने धर्मांतरानंतर नवे आडनाव घेतले आहे. तिन्ही कागद एकाच घरचे, परंतु तिऱ्हाइताच्या डोळ्यांना ती तीन घरे दिसतात. मुलीची अडचण तर दुहेरी आहे. लग्नानंतर तिचे आडनाव बदलते, परंतु तिची जात ठरते वडिलांकडून. सासरच्या आडनावाचे दहा कागद असले तरी माहेरचा एक कागद नसेल तर ती अडते. म्हणून ज्याने नाव बदलले असेल त्याने राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जन्मभर जपावी, आणि प्रत्येक आईने आपला माहेरचा शाळेचा दाखला लेकीच्या हाती पोहोचवावा. तो सोन्याच्या डागिन्याहून कमी मोलाचा नाही.

मग करावे काय? माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही पैसा फारसा लागत नाही.

पहिली सूचना. घरात एक वही घाला. तीत घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून मागील चार पिढ्यांची नावे लिहा: नाव, बापाचे नाव, आईचे नाव व तिचे माहेर, मूळ गाव, तालुका, जिल्हा, धंदा. आडनाव कधी व कसे पडले हे ठाऊक असेल तर तेही लिहा. वृद्ध माणूस हे घरातील पहिले पुरालेखागार होय. दुसरी पुरालेखागारे सुटीच्या दिवशी बंद असतात, हे एक मात्र कायमचे बंद होते.

दुसरी सूचना. पूर्वज ज्या शाळेत गेले त्या शाळेतून रजिस्टराचा उतारा घ्या. तहसील कचेरीत गावाच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदीचा व वतनाच्या जमिनीचा शोध घ्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली, परंतु त्या निमित्ताने झालेले फेरफार दप्तरात आहेत. मागताना केवळ आडनाव सांगू नका. बापाचे नाव आणि गाव सांगा. आडनाव न सापडल्यास नावाने पाहा.

तिसरी सूचना सुशिक्षित तरुणांना. मुंबईचे पुरालेखागार १८२१ साली स्थापन झाले. पुण्यास पेशवे दप्तर आहे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांच्या अंकांत सभांचे वृत्तांत आहेत, ठराव मांडणाऱ्यांची नावे आहेत, वर्गणी देणाऱ्यांच्या याद्या आहेत. एखाद्या खेड्यातील चार आण्यांच्या वर्गणीदाराचे नाव कोणत्याही चरित्रात येणार नाही, ते या याद्यांत आहे. तो तुमचा पणजोबा असू शकेल. नाव, गाव आणि वर्ष जुळवून पाहा.

चौथी सूचना भगिनींसाठी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. चळवळीतील स्त्रियांना शोधत, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी तो लिहिला. कारण ज्यांचे नाव ‘अमक्यांची पत्नी’ म्हणून लिहिले गेले, त्यांना आडनावाच्या सूचीत शोधणे व्यर्थ होते. तेच काम तुमच्या वस्तीत तुम्ही करू शकता.

पाचवी आणि शेवटची सूचना. कागद जमला की तो पेटीत कुजू देऊ नका. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्रासाठी आयुष्यभर कागद जमविले. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिला, म्हणून पुढच्या अभ्यासकांना तो उपयोगी पडला. तुमच्याजवळ जुनी पत्रके, सभेच्या जाहिराती, समता सैनिक दलाच्या पावत्या, दीक्षेच्या दिवशीचे फोटो असतील तर त्यांच्या मागे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि त्यांची प्रत विहाराच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. ज्या फोटोवर नाव नाही, तो दोन पिढ्यांनी अनोळखी माणसांचा फोटो होतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, जिथे आडनाव लिहावयाचे तिथे आपल्या आजोबांची जात लिहिली गेली. आपल्या वडिलांच्या पिढीने तिथे आडनाव मिळविले. आपल्या पिढीचे काम असे आहे की, त्या आडनावाच्या पाठीमागे उभी असलेली माणसे एक एक करून, नावानिशी, गावानिशी, वर्षानिशी शोधून काढावयाची, ज्याचे नाते नाही त्याला नातलग म्हणावयाचे नाही आणि ज्याचे नाते आहे त्याला विसरावयाचे नाही. आज रात्री घरी गेल्यावर जेवणानंतर आजोबांजवळ बसा, आणि पहिला प्रश्न विचारा: तुमच्या वडिलांचे नाव काय, आणि गाव कोणते? उत्तर ऐकून ते लगेच लिहून ठेवा.

जयभीम!